मोटरसायकलचे ऑइल नेमके कुठून गळते, हे कसे शोधावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ६ वर्षे वापरलेली, १५० सीसीची, एका सिलिंडरची आणि हवेवर थंड होणारी मोटरसायकल आहे. रात्री लावून ठेवली की सकाळी इंजिनाखाली ऑइलचे चार-पाच थेंब पडलेले असतात. मेकॅनिकने आधी ड्रेन बोल्टचा वायसर बदलला, मग क्लच कव्हरचे पॅकिंग बदलले, तरी थेंब थांबले नाहीत. आता इंजिन पूर्ण उघडून सगळीच पॅकिंग आणि सील बदलून टाकू, असे तो म्हणतो. तसे करू द्यावे का?

अजून नको. जे दोन भाग बदलले गेले ते थेंब जिथून खाली पडतो ती जागा पाहून बदललेले दिसतात, आणि थेंब पडण्याची जागा व ऑइल बाहेर येण्याची जागा एकच असते असे क्वचितच घडते. इंजिनातून निसटलेले ऑइल गाडी उभी असताना इंजिनावरच्या थंडाव्यासाठीच्या धातूच्या पंखांवरून, बोल्टच्या डोक्यांवरून आणि कव्हरच्या कडांवरून ओघळत सर्वांत खालच्या टोकाशी जमा होते. गाडी चालू असताना तेच ऑइल समोरच्या वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीचा, मागचा भाग, मागचे चाक धरणारा स्विंगआर्म, कधी कधी मागचे चाकसुद्धा माखून टाकते. ड्रेन बोल्ट इंजिनाच्या तळाशी असल्यामुळे वरची प्रत्येक गळती शेवटी त्याच्याच डोक्यावरून टपकते आणि दोष नेहमी त्या बिचाऱ्याच्या माथी येतो. म्हणून शोधायची असते ती ओल्या भागातली सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची जागा. ही जागा दिसण्यासाठी इंजिन आधी कोरडे ठणठणीत असावे लागते, आणि घाई होते ती नेमकी इथेच.

त्याआधी, गळणारे द्रव इंजिन ऑइलच आहे याची खात्री करून घ्यावी. पांढऱ्या कागदावर एक थेंब घेऊन थोडा वेळ ठेवावा. इंजिन ऑइलचा डाग तपकिरी किंवा काळसर असतो, हळूहळू पसरतो आणि वाळत नाही. पेट्रोल उडून जाते आणि वासावरूनही लगेच ओळखू येते. ब्रेक फ्लुइड पातळ, फिकट पिवळे असते आणि पाण्याने धुऊन निघते. ते रंगावर सांडले असेल तर तिथला रंग फुगलेला किंवा सोललेला दिसतो. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनाच्या कूलंटला गोडसर वास येतो. चेनला लावलेले वंगण फिरता फिरता पुढच्या चक्राच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी स्प्रॉकेटच्या) कव्हरमध्ये उडते, तिथे धुळीत मिसळून काळा लगदा होतो आणि उन्हाळ्यात तो वितळून खाली टपकतो. इंजिनाची गळती म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी काहींमध्ये एवढेच निघाले होते आणि कव्हर खरवडून साफ करण्यापलीकडे काही करावे लागले नव्हते.

आता सफाई. इंजिन पूर्ण थंड असताना डीग्रीझर किंवा रॉकेल आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन हेडपासून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यापासून, खाली तळापर्यंत, पंखांच्या मुळांपर्यंत, प्रत्येक कव्हरच्या जोडावरून घासावे. यासाठी पेट्रोल वापरू नये. आगीचा धोका पत्करण्याइतके हे काम मोठे नाही. वायरचे जोड प्लास्टिकने झाकावेत, ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रमवर काही उडू देऊ नये आणि धुताना पाण्याची जोरदार धार सीलवर वा बेअरिंगवर मारू नये, कारण तिच्यामुळे सीलच्या ओठाखाली माती शिरते आणि नसलेली गळती सुरू होते. पुढच्या चक्राचे कव्हर अवश्य काढावे. त्यामागे साचलेला लगदा लाकडी पट्टीने खरवडून काढल्याशिवाय तिथली तीन-चार संशयास्पद ठिकाणे दिसतच नाहीत. सगळे वाळल्यावर इंजिन ५ मिनिटे चालवून बंद करावे आणि पुन्हा पुसून घ्यावे, कारण पंखांच्या खाचांत आणि बोल्टच्या खड्ड्यांत लपलेले जुने ऑइल गरम झाल्यावरच बाहेर येते. या दुसऱ्या पुसण्याचा कंटाळा केला तर पुढची सगळी तपासणी जुन्या ऑइलचा माग काढण्यात वाया जाते. ऑइल बदलताना किंवा फिल्टरची टोपी काढताना सांडलेले ऑइलही असेच कित्येक दिवस टपकत राहते, म्हणून सर्व्हिसिंगनंतर लगेच दिसलेल्या दोन थेंबांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

इंजिन कोरडे झाल्यावर मी पातळ कापडाच्या पुरचुंडीत साधी टाल्कम पावडर घेतो आणि संशयित जोडांवर ती आपटून पांढरा थर देतो. एअर फिल्टरच्या तोंडाकडे पावडर जाऊ देत नाही. मग इंजिन उघड्या जागी चालू करून विजेरी आणि लांब दांड्याचा छोटा आरसा घेऊन पाहतो. बंद खोलीत इंजिन चालवू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. आणि कव्हर काढलेले असताना फिरत्या चेनजवळ बोट किंवा चिंधी नेऊ नये. जागेवर काही दिसले नाही तर चक्राचे कव्हर परत बसवून आधी २, मग ५, मग १० किलोमीटर गाडी चालवावी आणि प्रत्येक टप्प्यानंतर पाहावे. एकदम ५० किलोमीटर चालवून आणले तर वारा सगळीकडे ऑइल पसरवतो आणि सफाईवर पाणी पडते. पावडर ऑइल शोषून घेते, त्यामुळे गळतीच्या जागेपासून एक गडद रेघ निघालेली दिसते. ती रेघ खालून वर वाचत जायची.

ही पद्धत मी अनुभवाचे मोल चुकवून शिकलो. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक मोटरसायकल आली होती, तिच्या ब्लॉकच्या (ज्यात पिस्टन फिरतो त्या सिलिंडरच्या भागाच्या) बुडाशी, क्रँककेसला जिथे तो जोडलेला असतो तिथे, चारही बाजूंनी ओल होती. ब्लॉकखालचे पॅकिंग गेले असे मी छातीठोकपणे सांगितले, हेड आणि ब्लॉक उतरवून नवीन पॅकिंग घातले आणि गाडी दिली. आठ दिवसांनी ती तशीच परत आली. या वेळी इंजिन धुतले, पावडर लावली आणि एक छोटी फेरी मारून आणली. ब्लॉकच्या मागच्या बाजूला इंजिनाच्या आतली टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर असतो, त्याच्या मधोमध एक लहान बोल्ट असतो आणि त्या बोल्टखाली बोटाच्या नखाएवढा वायसर असतो. त्या वायसरच्या खालच्या कडेतून केसाएवढी तपकिरी रेघ निघाली होती, टेन्शनरच्या अंगावरून ती उतरली होती, ब्लॉकच्या शेवटच्या पंखावर आडवी सरकली होती आणि मग बुडाच्या जोडावर पसरली होती. ज्या जोडासाठी मी अर्धे इंजिन खाली उतरवले होते तो आधीही चांगलाच होता.

गडद रंगाच्या इंजिनावर किंवा अगदी मंद पाझर असेल तिथे पावडरपेक्षा ऑइलमध्ये मिसळायचा चमकणारा रंग अधिक उपयोगी ठरतो. बाटलीवर दिलेल्या प्रमाणातच तो टाकावा आणि ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला तो चालतो याची खात्री करून घ्यावी. थोडे अंतर चालवून अंधारात अतिनील विजेरी मारली की गळतीचा माग पिवळसर हिरवा चमकतो. काही ऑइल मुळातच मंद निळसर चमकतात, तेव्हा रंग टाकण्यापूर्वी एकदा तशीच विजेरी मारून पाहावी म्हणजे नंतर फसगत होत नाही.

गळती कुठे आहे याइतकाच महत्त्वाचा, पण सहसा कोणी न विचारणारा प्रश्न म्हणजे ती कधी होते. इंजिन बंद असताना ऑइल तळाशी साठलेले असते. त्या वेळी त्या पातळीच्या खाली असलेल्या जागाच गळू शकतात, म्हणजे ड्रेन बोल्ट, फिल्टर किंवा जाळीची टोपी, कव्हरांचा खालचा भाग, काही इंजिनांत गिअर शाफ्टचे सील. टॅपेट कव्हर (हेडवरची व्हॉल्व्हची झाकणे), हेड, टेन्शनर, ऑइलच्या दाबाच्या नळ्या या वरच्या जागा इंजिन चालू असतानाच गळतात. तुमच्या बाबतीत रात्री थेंब पडतात एवढ्यावरून गळती खालचीच आहे असे मात्र म्हणता येत नाही, कारण दिवसभरात वरून आलेले ऑइल गाडी उभी केल्यावरही ओघळत राहते. हे वेगळे काढण्याचा सोपा उपाय असा: फेरीवरून आल्यावर खाली कोरा पुठ्ठा सरकवावा, त्यावर दोन्ही चाकांच्या जागा खुणेने आखाव्यात आणि अर्ध्या तासाने तो बदलून दुसरा पुठ्ठा रात्रभर ठेवावा. पहिल्या पुठ्ठ्यावर चार थेंब आणि दुसऱ्यावर जवळपास काहीच नाही, असे असेल तर ऑइल वरून ओघळलेले आहे. दोन्हीवर थेंब पडत राहिले, आणि दुसऱ्यावर रात्रभर पडत राहिले, तर उगम ऑइलच्या पातळीखाली आहे.

याच्याच जोडीला एक रात्र गाडी साइड स्टँडवर आणि एक रात्र मधल्या स्टँडवर लावावी. साइड स्टँडवर गाडी डावीकडे झुकते आणि आतले ऑइलही डावीकडे सरकते. बहुतेक मोटरसायकलींमध्ये गिअर शाफ्टचे सील, पुढच्या चक्रामागचे सील आणि न्यूट्रल स्विच डाव्या बाजूलाच असतात. फक्त साइड स्टँडवरच थेंब पडत असतील तर उजव्या बाजूचे क्लच कव्हर निर्दोष समजावे, आणि तुमच्या गाडीचे ते पॅकिंग विनाकारण बदलले गेले असेही.

तापमानाकडेही लक्ष द्यावे. इंजिन थंड असताना गळून गरम झाल्यावर थांबणारी गळती बहुधा कडक झालेल्या रबराची असते. गरम झाल्यावर सील थोडे फुगते आणि जोड बंद होतो. उलट गरम झाल्यावरच सुरू होणारी गळती पातळ झालेल्या ऑइलमुळे, वाढलेल्या दाबामुळे किंवा धातूचे दोन भाग तापून एकमेकांपासून किंचित सुटल्यामुळे होते.

उगमाचा परिसर सापडल्यावर तिथल्या भागांची ओळख असली पाहिजे. वरून सुरुवात करायची तर टॅपेट कव्हरच्या ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कड्या, वर्षानुवर्षांच्या उष्णतेने चपट्या आणि कडक होतात. नख रुतत नसेल तर ती बदलावी. हेडच्या बाबतीत एक बारकावा आहे. अनेक एक सिलिंडर इंजिनांत ऑइल हेडपर्यंत चढते ते ब्लॉकमधल्या एका स्टडच्या भोवतालच्या भोकातून, त्यामुळे त्या स्टडवरचा नट वरून बंद असलेल्या टोपीचा आणि त्याखालचा वायसर तांब्याचा असतो. हेड एकदा उघडून बसवताना हे दोन भाग अदलाबदल झाले तर पॅकिंग नवे असूनही हेडच्या माथ्यावरून ऑइल पाझरत राहते. तुमच्या गाडीचे हेड पूर्वी उघडले गेले असेल तर हे आधी पाहावे.

पुढच्या चक्रामागची जागा सगळ्यांत फसवी आहे. तिथले ऑइल सील सर्वांना दिसते, म्हणून ते बदलले जाते. पण चक्राच्या आत शाफ्टवर जो कॉलर असतो त्याच्या आतल्या बाजूलाही अनेक इंजिनांत एक छोटी ओ-रिंग असते आणि ऑइल हे सीलच्या बाहेरून नव्हे तर कॉलरच्या आतून, शाफ्टच्या दातांमधून बाहेर येते. नवे सील घालूनही गळती राहिली तर ही ओ-रिंग तपासावी, आणि कॉलरवर सीलच्या ओठाने कोरलेली खाच नखाला लागते का तेही पाहावे. खाच असेल तर कितीही सील बदलले तरी ते टिकत नाही. शेजारीच न्यूट्रल स्विचची ओ-रिंग, क्लचच्या दांडीचे सील आणि गिअर शाफ्टचे सील असते. गिअर शाफ्टचे सील चिखलाने लवकर खराब होते, परंतु ते बऱ्याच गाड्यांवर इंजिन न उघडता बाहेरूनच बदलता येते.

मॅग्नेट कव्हरखाली (वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटवरच्या कव्हरखाली) ओल असेल तर कव्हरच्या जोडाइतकेच लक्ष वायर जिथून बाहेर पडते त्या रबरी बुचाकडे द्यावे. ऑइल त्या बुचातून निघून वायरच्या अंगाने लांबवर जाते आणि भलत्याच ठिकाणी टपकते. काही इंजिनांत मॅग्नेटची जागा मुळात कोरडी असते. तिथे कव्हर उघडल्यावर आत ऑइल सापडले तर दोष क्रँकच्या सीलचा असतो, कव्हरचा नव्हे. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात पाण्याच्या पंपाखाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून ऑइल आले तर आतले ऑइल सील गेले आहे आणि कूलंट आला तर पाण्याकडचे सील गेले आहे. ते भोक बुजवणे हा उपाय नव्हे, तरीही बुजवलेले भोक मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

आता दुसरी बाजू. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी पाझर दिसत असेल तर प्रत्येक पॅकिंगला दोष देण्याआधी क्रँककेसमधला दाब तपासावा. पिस्टन खाली येताना आतली हवा दाबली जाते आणि ती ब्रीदर पाइपमधून बाहेर पडते. हा पाइप चेपला, दुमडला किंवा मळीने बुजला की तोच दाब सर्वांत कमजोर सीलमधून वाट काढतो. ऑइल जास्त भरल्यानेही हेच होते. ज्या इंजिनात एकूण १ लिटरच्या आसपास ऑइल बसते त्यात २०० मिलिलिटर जास्त पडणे ही किरकोळ बाब नाही. पातळी मोजताना गाडी सरळ उभी असावी, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद केल्यावर तेवढाच वेळ थांबावे, आणि डिपस्टिक आट्यात फिरवून मोजायची की नुसती टेकवून, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे, कारण दोन पद्धतींत पातळी बरीच वेगळी दिसते. साइड स्टँडवर पातळी कमी दिसली म्हणून वरून ऑइल ओतणारे आणि मग गळतीची तक्रार घेऊन येणारे लोक पुष्कळ आहेत.

ब्रीदर पाइप एअर फिल्टरच्या डब्याकडून सोडवून मंद गतीवर चालणाऱ्या इंजिनाच्या त्या पाइपवर हात धरावा. एक सिलिंडर इंजिनात हवेचे लयबद्ध ठोके जाणवणे स्वाभाविक आहे. सतत जोराचा धुरकट झोत येत असेल, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर निघत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि सील बदलून गळती फार काळ थांबणार नाही.

दुरुस्तीबद्दल दोनच गोष्टी सांगतो. पहिली, बोल्ट जास्त आवळून गळती बंद होत नाही. कव्हरचे ६ मिलिमीटरचे बोल्ट साधारण १० ते १२ न्यूटन मीटरवर भागतात, त्यापुढे ॲल्युमिनियमचे आटे जातात किंवा कव्हर बोल्टच्या जागी खचून मधल्या भागात उचलले जाते. दुसरी, सिलिकॉनचा लेप पॅकिंगच्या जागी जाडसर फासू नये. बाहेर दिसतो तेवढाच तो आतही दाबला गेलेला असतो, त्याचे तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि थेंबाची तक्रार इंजिन जाम होण्यापर्यंत जाते. गळती बंद करणारी द्रावणे ऑइलमध्ये टाकण्याचा मोहही टाळावा. बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात असतात, आणि अशा द्रावणाने क्लच घसरू शकतो.

तुमच्या गाडीसाठी क्रम असा ठेवा. आज ऑइलची पातळी सरळ उभ्या गाडीवर मोजा आणि ब्रीदर पाइप तपासा. उद्या चक्राचे कव्हर काढून सगळे धुऊन घ्या, पुसा, पावडर लावा आणि टप्प्याटप्प्याने चालवा. त्यानंतरच्या दोन रात्री पुठ्ठ्याची परीक्षा करा, एकदा साइड स्टँडवर आणि एकदा मधल्या स्टँडवर. मेकॅनिकला ही रेघ आणि हे पुठ्ठे दाखवूनच पुढचे काम सांगा. तोवर मागच्या टायरवर ऑइल उडत नाही ना, एवढे दररोज निघण्यापूर्वी पाहा. तिथे ओल दिसली तर गाडी चालवू नका. इंजिन पूर्ण उघडण्याची वेळ एकाच परिस्थितीत येते: रेघ क्रँककेसच्या दोन अर्ध्या भागांच्या मधल्या जोडातून किंवा कव्हराखालच्या एखाद्या तड्यातून निघालेली असेल, आणि तिच्या वरचा प्रत्येक भाग दुसऱ्या दिवशीही पांढरा कोरडा असेल.